'न्यूजपेपर'चे भाग किती? सिलॅबल, आघात आणि पदे यांची गल्लत थांबावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी शब्दांचे जे छोटे सदर येते, ते मी नातीसाठी कापून ठेवते. त्या सदराशी आणि एकूणच मराठी मुलांना इंग्रजी जोडशब्द ज्या रीतीने शिकवले जातात त्या रीतीशी संबंधित एक गोष्ट आपल्यापुढे आणि आपल्या वाचकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी गिरणगावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ नातीच्या एका गुणापुरता नाही.

माझी नात सहावीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या इंग्रजीच्या सराव पुस्तिकेत एक तक्ता भरायचा होता. डावीकडे इंग्रजी जोडशब्द आणि त्यापुढे तीन रकाने होते : शब्दात सिलॅबल (म्हणजे उच्चारातले ठोके) किती, आघात (म्हणजे जोर, इंग्रजीत 'स्ट्रेस') कोठे, आणि शब्दाचे भाग कोणते. 'न्यूजपेपर' या शब्दापुढे तिने सिलॅबल तीन, आघात 'न्यूज'वर आणि भाग दोन, म्हणजे 'न्यूज' आणि 'पेपर', असे लिहिले. वही परत आली तेव्हा तिसऱ्या रकान्यावर लाल फुली होती आणि शेजारी 'न्यूज, पे, पर' असे तीन भाग लिहून दिलेले होते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरील उत्तरसूचीत तसेच छापलेले आहे, म्हणून वह्यांच्या गठ्ठ्यापुढे बसून ती सूची प्रमाण मानणाऱ्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. पण नातीने मला विचारलेला प्रश्न मात्र मनातून जात नाही. "आजी, 'न्यूज' म्हणजे बातमी आणि 'पेपर' म्हणजे कागद, एवढं मला कळतं. पण यातला 'पे' म्हणजे पगार का? आणि मग 'पर' म्हणजे काय?"

तिचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरसूचीपाशी त्याला उत्तर नाही. शब्दाचा भाग म्हणजे ज्याला स्वतःचा काही अर्थ आहे, तो तुकडा. 'पेपर' हा शब्द पपायरस या पाणवनस्पतीच्या नावावरून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला; त्याचे 'पे' आणि 'पर' असे दोन तुकडे जिभेवर पडतात, अर्थाला मात्र ते पडत नाहीत. सिलॅबल कानाने मोजायचे असतात आणि शब्दाचे भाग अर्थाने ओळखायचे असतात. या दोन मोजण्या कधी जुळतात आणि कधी जुळत नाहीत. 'चर्चगेट' हे आपले रोजचे स्थानक घ्या. कोटाच्या तटबंदीत सेंट थॉमस चर्चच्या बाजूला जो दरवाजा होता त्यावरून हे नाव पडले. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, दरवाजाही गेला, नाव राहिले. या नावात सिलॅबल दोन आणि भागही दोन. 'रेल्वे' आणि 'फुटपाथ' यांचेही तसेच. मुलांना पहिली उदाहरणे नेहमी अशीच दिली जातात आणि तेथेच गल्लतीचे मूळ आहे, कारण दोन्ही मोजण्या एकच आहेत असा मुलांचा, आणि उत्तरसूची तयार करणाऱ्यांचाही, समज होऊन बसतो. मग 'कार्पेट' या शब्दात मूल 'कार' आणि 'पेट' शोधू लागते, आणि हा जोडशब्दच नव्हे हे त्याला कोणी सांगत नाही.

जाता जाता आणखी एक समज दूर करावासा वाटतो. 'न्यूज' हा शब्द इंग्रजीतील चार दिशांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन बनला, असे कित्येक वर्गांत आजही मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. ते खरे नाही. 'न्यू' म्हणजे नवे आणि त्याचे अनेकवचनी रूप म्हणजे नव्या गोष्टी, नवी हकीकत, एवढाच तो सरळ शब्द आहे.

आता सिलॅबलविषयी. मराठी मुलाला सिलॅबल मोजताना अडचण येते ती त्याच्या बुद्धीची नसून आपल्या लिपीची आणि आपण वापरत असलेल्या पारिभाषिक शब्दाची आहे. आपण सिलॅबलला सर्रास 'अक्षर' म्हणतो आणि मूल कागदावरची अक्षरे मोजते. 'प्लॅटफॉर्म' हा शब्द त्याला देवनागरीत प्लॅ, ट, फॉ, र्म असा चार घरांचा दिसतो. इंग्रजी उच्चारात त्याचे सिलॅबल दोनच आहेत. 'ब्लॅकबोर्ड'चेही तेच. 'लाइटहाऊस' तर कागदावर सहा अक्षरांचा दिसतो आणि उच्चारात दोनच सिलॅबलचा असतो, कारण 'लाइ' आणि 'हाऊ' यांतले जोडस्वर इंग्रजीत एका दमात, एकाच ठोक्यात म्हटले जातात.

वास्तविक आपल्या जुन्या छंदःशास्त्रातले 'अक्षर' म्हणजे सिलॅबलच होते. 'सुंदर ते ध्यान' हा चरण आपण टाळांच्या ठेक्यावर म्हणतो तेव्हा सुं, द, र, ते, ध्या, न अशी सहा अक्षरे पूर्ण वाजतात, आणि 'मोठा अभंग' या छंदाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे असावीत हा हिशेब तंतोतंत जुळतो. हेच तीन शब्द बोलण्यात आले की 'सुन्-दर् ते ध्यान्' असे चारच ठोके उरतात. शेवटचा 'अ' आपण लिहितो, गातो, पण बोलत नाही. लिहिलेले अक्षर आणि बोललेले सिलॅबल यांतला फरक मुलांना दाखवायला याहून जवळचे उदाहरण मला सापडले नाही, आणि वर्गात मी ते वर्षानुवर्षे वापरले आहे. त्यानंतर मी मुलांना हनुवटीखाली तळहात आडवा धरायला सांगत असे. शब्द सावकाश म्हणायचा आणि हनुवटी हाताला किती वेळा टेकते ते मोजायचे. 'प्लॅटफॉर्म' म्हणताना ती दोनदा टेकते, 'न्यूजपेपर' म्हणताना तीनदा. मुले एका तासात शिकत आणि विसरत नसत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सिलॅबलची संख्या आणि त्यांच्या सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'टीचर' या शब्दात सिलॅबल दोन आहेत, यावर कोणाचे दुमत नाही. पण मधल्या 'च' या व्यंजनाला पहिल्या सिलॅबलमध्ये बसवायचे की दुसऱ्या, याविषयी उच्चारशास्त्राच्या अभ्यासकांतही मतभेद आहेत. शब्दकोशात शब्दाच्या पोटात जे ठिपके दिलेले असतात, ते अनेकदा ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे सांगण्यासाठी असतात आणि तेथे शब्दाच्या घटकांचा विचार केलेला असतो. अशा सीमेवरून मुलाचा गुण कापणे अन्यायाचे आहे. संख्या बरोबर असेल तर गुण द्यावा.

परंतु माझी खरी तळमळ आघाताविषयी आहे, कारण वर्गात त्याचीच सर्वांत जास्त उपेक्षा होते. मराठीत आपण आघात हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीतला आघात आपल्याला केवळ साहेबी ढंगाचा, शोभेचा भाग वाटतो. तो तसा नाही. इंग्रजी जोडशब्दात आघात अर्थ वाहतो. 'ब्लॅक' आणि 'बोर्ड' हे दोन शब्द सुटे म्हटले आणि मुख्य जोर 'बोर्ड'वर दिला तर अर्थ होतो कोणतीही काळी फळी. तेच जोडून, जोर 'ब्लॅक'वर ठेवून म्हटले तर होतो वर्गातला फळा. आज कित्येक शाळांतला फळा हिरवा असतो, तरीही तो ब्लॅकबोर्डच राहतो, कारण जोडशब्द झाल्यावर 'ब्लॅक'ने रंग सांगण्याचे काम सोडलेले असते. ते काम सोडले आहे, हे ऐकणाऱ्याला आघातामुळे कळते.

हे आपल्याला परके का वाटावे? 'कडू लिंब' आणि 'कडुलिंब' हे दोन उच्चार शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात 'डू' दीर्घ आहे आणि चवीविषयी काही सांगायचे आहे. दुसऱ्यात 'डु' ऱ्हस्व झाला आणि ते एका झाडाचे नाव झाले. 'घोडा' आणि 'दौड' जोडले की 'घोडदौड' होते, 'घोडा'चा काना गळतो. दोन शब्दांचा एक शब्द झाला, याची खूण आपण पूर्वपद आखडून करतो आणि इंग्रज पूर्वपदावर जोर देऊन करतात. खूण निराळी आहे, पण दोन्ही भाषांना गरज एकच पडली आहे. सहावीतल्या मुलाला ही गोष्ट या रीतीने सांगितली तर 'स्ट्रेस' हा शब्द त्याला घाबरवणार नाही.

याच बाबतीत माझ्या पेशाचेच उदाहरण देते. 'इंग्लिश टीचर' या दोन शब्दांत जोर 'इंग्लिश'वर असेल तर ती इंग्रजी शिकवणारी बाई असते, मग ती परळची का असेना. जोर 'टीचर'वर गेला तर ती इंग्रज शिक्षिका असते, मग ती गणित का शिकवेना. शब्द तेच, क्रम तोच, सिलॅबलही तेवढेच. तीन शब्द एकत्र आले की प्रकरण आणखी रंजक होते. कुलाब्याच्या टोकाला समुद्रात १८७५ साली बांधलेले प्राँग्ज दीपगृह आहे. त्या दीपगृहाची राखण करणारा माणूस म्हणजे 'लाइटहाऊस कीपर' : सिलॅबल चार, मुख्य आघात 'लाइट'वर. आता हेच चार सिलॅबल तसेच ठेवून मुख्य आघात 'हाऊस'वर न्या. लगेच 'हाऊसकीपर' हा जोडशब्द वेगळा निघतो, 'लाइट' हे त्याचे विशेषण बनते आणि दीपगृहाच्या राखणदाराच्या जागी घरकाम पाहणारी, अंगाने हलकी अशी एखादी बाई उभी राहते. कागदावर मोकळी जागा सोडून हा फरक दाखवता येतो, बोलताना मात्र तो आघातानेच दाखवावा लागतो.

समासाचा अर्थ स्वराने बदलतो, हे ज्ञान तर आपल्याच परंपरेत फार पूर्वीपासून आहे. त्वष्टा या देवाने इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला आणि त्यात 'इन्द्रशत्रु' हा शब्द उच्चारला, ही कथा वैदिक वाङ्मयात आहे आणि व्याकरण का शिकावे हे सांगताना व्याकरणकार पतंजलींनी आपल्या महाभाष्यात तिचा आधार घेतला आहे. येथे शत्रू म्हणजे मारणारा. उदात्त, म्हणजे चढा, स्वर शेवटी असता तर तो तत्पुरुष झाला असता, इंद्राला मारणारा. उच्चारताना तो स्वर पूर्वपदावर पडला, समास बहुव्रीही झाला आणि अर्थ झाला ज्याला मारणारा इंद्र आहे तो. त्या यज्ञातून वृत्र हा पुत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मारला गेला. वेदातला स्वर हा आवाजाच्या चढउताराचा आहे आणि इंग्रजीतल्या आघातात चढउताराबरोबर जोर, लांबी आणि स्वराची स्पष्टता हेही येते, हा भेद मला ठाऊक आहे. पण स्वराची जागा बदलली की सामासिक शब्दाचा अर्थ उलटतो, हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे. पाश्चात्य भाषाशास्त्रज्ञांनी जोडशब्दांचे वर्गीकरण करताना 'तत्पुरुष', 'बहुव्रीही' आणि 'द्वंद्व' हे शब्द संस्कृत व्याकरणातून उचलले आणि इंग्रजी ग्रंथांत ते आजही वापरले जातात. आमच्या मुलांना समास मराठीच्या तासाला शिकवायचा आणि इंग्रजीच्या तासाला मात्र जणू ते त्यांनी कधी ऐकलेच नाही असे वागायचे, ही रीत मला कधीच पटली नाही. 'पेपरबॅक' म्हणजे कागदी पाठ नव्हे, कागदी पाठ असलेले पुस्तक, हे 'नीलकंठ' शिकलेल्या मुलाला एका वाक्यात कळते. 'पिकपॉकेट' म्हणजे आपला 'खिसेकापू'. फक्त इंग्रजीत क्रियापद आधी आले आहे आणि मराठीत खिसा आधी आला आहे.

जोडशब्दात आघात नेहमी पूर्वपदावरच असतो, असा पक्का नियम मात्र कोणी मुलांना पाठ करायला लावू नये. 'ॲपल केक' म्हणताना जोर 'ॲपल'वर असतो आणि 'ॲपल पाय' म्हणताना तो 'पाय'वर जातो. रस्त्यांच्या नावांत तर एक गमतीदार शिस्त आहे. नावाच्या शेवटी 'स्ट्रीट' असेल तर जोर त्याच्या आधीच्या शब्दावर, आणि 'रोड' असेल तर जोर 'रोड'वर. त्या हिशेबाने आपल्या दलाल स्ट्रीटमध्ये जोर 'दलाल'वर यायला हवा आणि ग्रँट रोडमध्ये 'रोड'वर. अर्थात मुंबईकर ही नावे आपल्याच लयीत म्हणतात, आणि त्यांनी तशीच म्हणावीत. मुलांनी विलायती उच्चाराची नक्कल करावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. ऐकलेले इंग्रजी त्यांना समजावे आणि त्यांनी बोललेले समोरच्याला समजावे, एवढ्यासाठी आघात कळायला हवा.

आघात कळला की स्पेलिंगचेही एक कोडे सुटते. ज्या पदावर जोर नाही, ते पद वर्षानुवर्षांच्या वापराने झिजत जाते. 'कपबोर्ड' हा मुळात कप ठेवण्याचा पाट किंवा फळी. आज त्याचा उच्चार 'कबर्ड' होतो, 'प' नाहीसा झाला आणि 'बोर्ड' ओळखू येत नाही. 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपवास सोडणे, आपले पारणे; उच्चारात तो 'ब्रेकफस्ट' झाला. 'पोस्टमन'मधला 'मॅन' बोलण्यात 'मन' होतो. 'विंडो' हा तर जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा' आहे, आणि आज कोणा इंग्रजालाही त्यात डोळा दिसत नाही. आपल्याकडे खिडकीला 'गवाक्ष', म्हणजे गाईचा डोळा, म्हटले गेले, हा योगायोग मी मुलांना आवर्जून सांगत असे. मराठीतही हेच घडले आहे. 'मातृगृहा'चे 'माहेर' झाले, 'देवकुला'चे 'देऊळ', 'कुंभकारा'चा 'कुंभार' झाला. माहेरात घर दडलेले आहे हे सासरी गेलेल्या मुलीला सांगावे लागत नाही, पण व्याकरणाच्या तासाला ते दाखवले तर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मी पाहिला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एवढ्या वर्षांनंतरही सिलॅबल, आघात आणि शब्दाचे भाग हे तीन रकाने एकमेकांत मिसळलेल्या उत्तरसूची छापल्या जाव्यात आणि ज्या मुलीने बरोबर विचार केला तिलाच फुली मिळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. सराव पुस्तिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की उत्तरसूची छापण्यापूर्वी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : कानाला ठोके किती ऐकू आले, त्यांत सर्वांत ठसठशीत कोणता, आणि अर्थ असलेली पदे किती. शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की मुलाचे उत्तर सूचीशी जुळले नाही तर फुली मारण्यापूर्वी ते उत्तर त्याला मोठ्याने म्हणायला लावावे.

आणि आपल्याला विनंती अशी की पुरवणीतल्या सदरात इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत देताना ज्या सिलॅबलवर आघात आहे, तेवढा भाग ठळक टाइपात छापावा. त्याला जास्तीची जागा लागणार नाही. शब्द जोडशब्द असेल तर त्याखाली एका ओळीत पूर्वपद आणि उत्तरपद वेगळे करून त्याचा विग्रह मराठीत द्यावा, जसा आपण समासाचा देतो. आपली हरकत नसेल तर पहिल्या महिन्यापुरते असे चार-पाच शब्द मी स्वतः तयार करून विनामूल्य पाठवीन. सुरुवात 'न्यूजपेपर'पासून करावी, असे नातीचे म्हणणे आहे. तिने त्याचा विग्रह लिहूनही ठेवला आहे : 'बातम्यांचा कागद, षष्ठी तत्पुरुष'.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
परळ, मुंबई